होमस्कूलिंगसाठी ऑनलाइन कोर्स घेताय? मग वही पण काढा

घोडबंदर, खारघर, ऐरोली, कुठेही जा, मुलांना घरी शिकवणारे आईबाबा भेटले की गप्पा फिरून फिरून एकाच प्रश्नावर येतात, कुठला कोर्स घेतलाय? माझं म्हणणं असं की कोर्स बरा असला तरी बास, तो घरात चालवायचा कसा ते आधी ठरवा, कारण स्क्रीनवर हिरवा टिक आला म्हणजे पोराला समजलं असं धरून चाललात तर तीन-चार महिन्यांनी डोक्याला हात लावायची वेळ येते.

पैसे भरायच्या आधी फुकटचं वापरून बघा. खान अकॅडमी ही शिकवणीची वेबसाइट फुकट आहे, त्यात आपल्या एनसीईआरटीच्या इयत्तांप्रमाणे लावलेलं गणित पण मिळतं. ई-बालभारतीवर पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ आहेत, दीक्षा ॲपमध्ये पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की त्या धड्याचे व्हिडिओ येतात. एवढं करून महिना काढा, पोरगं टिकतंय का बघा, मग विकतच्या कोर्सचं ट्रायल घ्या. ट्रायल घेताना कार्ड द्यावं लागतं आणि मग ते आपोआप रिन्यू होतं, त्याआधी किमान २४ तास बँकेचा मेसेज यायला हवा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, पण तो मेसेज आपण ऑफरचा समजून उडवतो, म्हणून ट्रायल संपायच्या दोन दिवस आधीचा रिमाइंडर त्याच वेळी फोनमध्ये लावून टाका.

आता लेव्हल. वय नऊ म्हणून चौथी, असं करू नका. बऱ्याच कोर्समध्ये सुरुवातीला एक चाचणी असते ती द्यायला लावा, आणि त्या वेळी शेजारी बसून मदत करू नका (आजी-आजोबांना पण आधीच सांगून ठेवा, ते हळूच उत्तर सांगतात). गणित तिसरीचं आणि इंग्रजी वाचन पाचवीचं निघालं तरी चालतं, घरी शिकवायचा फायदाच तो आहे. सोसायटीतल्या काकू विचारतीलच, कितवीत आहे रे तू? त्याला एक ठरलेलं उत्तर द्यायला शिकवा आणि विषय संपवा.

खरं काम पुढे आहे. मुलं हुशार असतात, कोर्स कसा हरवायचा ते आठवड्याभरात शिकतात. हिंट नावाचं बटण असतं ना, ते दाबत गेलं की शेवटच्या ओळीत उत्तरच येतं, ते टाइप केलं की पुढचा प्रश्न. खान अकॅडमीत हिंट घेतली की तो प्रश्न चूक धरतात, पण पोराला त्याचं काय, तो परत सराव सुरू करतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत साचा पाठ झालेला असतो. तिथे ७० टक्के बरोबर आले की एक पायरी आणि सगळे बरोबर आले की त्याच्या वरची पायरी मिळते, आणि मुलं त्या पायरीच्या मागे लागतात, गणित राहतं बाजूला.

म्हणून आमच्याकडे नियम एकच, वही उघडी पाहिजे. प्रश्न वहीत उतरवायचा, तिथे सोडवायचा, मग स्क्रीनवर उत्तर टाकायचं. कटकट होते, पहिले काही दिवस तर रोज रडारड, पण त्याशिवाय काय चाललंय ते कळत नाही. उदाहरण सांगते. अपूर्णांकांचा धडा लेकीने एकदम फटाफट संपवला, सगळं हिरवंगार. संध्याकाळी मी वहीत नुसतं १/४ आणि १/८ लिहिलं आणि विचारलं मोठं कोण, तर म्हणाली १/८, कारण आठ मोठे. कोर्समध्ये प्रत्येक प्रश्नाला रंगवलेलं चित्र होतं, ती जास्त रंग कुठे ते बघून उत्तर देत होती, छेद म्हणजे काय ते डोक्यात शिरलंच नव्हतं. मग पोळीचे आधी चार आणि मग आठ तुकडे करून ताटात ठेवले आणि तो धडा परत पहिल्यापासून घेतला. तेव्हापासून दर धड्यानंतर दोन-तीन गणितं मी चित्राशिवाय घालते आणि कसं केलंस ते तोंडाने सांगायला लावते. सांगता आलं तर पुढे जायचं.

बाहेरच्या देशातला कोर्स असेल तर आणखी एक भानगड. पैशाच्या धड्यात डाइम आणि निकेल येतात, त्यात दहा सेंटचं डाइम हे पाच सेंटच्या निकेलपेक्षा आकाराने लहान, आता ठाण्यातल्या पोराने ते पाठ करून काय करायचं? तो धडा सरळ सोडा आणि भाजीच्या पिशवीबरोबर शंभराची नोट देऊन मार्केटात पाठवा. मोठ्या संख्यांचं मात्र सोडू नका, तिकडे १००,००० असा स्वल्पविराम आणि आपल्याकडे १,००,०००, दोन्ही शेजारी शेजारी लिहून दाखवा, नाहीतर लाख आणि मिलियन कायमचे एकमेकांत अडकतात. मैल आले की मी बोरीबंदर (आताचं सीएसएमटी) ते ठाणे काढते. १८५३ साली १६ एप्रिलला पहिली गाडी धावली ते अंतर २१ मैल, म्हणजे जवळपास ३४ किलोमीटर. मग एम-इंडिकेटर हे लोकलच्या वेळांचं ॲप उघडायचं, स्लो लोकलला किती वेळ, फास्टला किती, आणि वेग काढायचा, त्यात अर्धा तास मजेत जातो.

विज्ञानाला फेट (PhET) नावाची सिम्युलेशन्स, म्हणजे स्क्रीनवर करून बघायचे प्रयोग आहेत, अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाची, फुकट, आणि बरीच मराठीत पण आहेत. डाउनलोड करून ठेवली की नेट नसताना चालतात, त्यामुळे लाइट गेली की लॅपटॉपवर तेच लावते. सर्किटच्या सिम्युलेशनमध्ये सेल, वायर, बल्ब ओढून आणायचे आणि जोडायचे. पोरं काय करतात, सेलच्या दोन टोकांना नुसती वायर लावतात, स्क्रीनवर आग लागते, खिदळतात, परत तेच. करू दे, पाच मिनिटं करू दे. मग विचारा आग का लागली, मध्ये बल्ब टाकला की का थांबली. त्यानंतर स्टेशनजवळच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून दीड व्होल्टचा साधा सेल, टॉर्चचा बल्ब आणि वायर आणून खरं जोडायचं. खऱ्या सेलला नुसती वायर लावायची नाही, तो गरम होतो, आणि मोबाइलची बॅटरी तर या खेळात आणूच नका.

वेळापत्रक शाळेसारखं सात तासांचं करू नका, एकाला एक शिकवताना इतका वेळ लागत नाही. एक धडा, वीस-पंचवीस मिनिटं, मग उठायचं. पाच वर्षांखालचं पोर असेल तर कोर्स नकोच, जागतिक आरोग्य संघटना पण दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभरापेक्षा जास्त स्क्रीन नको म्हणते. लॅपटॉप हॉलमध्ये, मुलाची वेगळी ब्राउझर प्रोफाइल, मोबाइलवर कोर्स नाही, त्यात सिम्युलेशन नीट दिसत नाही आणि वरून व्हॉट्सॲप टणटणत राहतं.

आणि जे बाहेर दिसतं ते बाहेरच दाखवा. खारफुटी आणि फ्लेमिंगोचा व्हिडिओ बघण्यापेक्षा ऐरोलीचं सागरी जैवविविधता केंद्र गाठा, थंडीत खाडीत फ्लेमिंगो असतात. आम्हा ठाणेकरांना येऊरचं जंगल तर घराच्या मागेच आहे.

आता परीक्षेचं, कारण सासरमाहेर सगळे तेच विचारतात. कोर्सचं सर्टिफिकेट म्हणजे शाळेचा दाखला नाही, हे लक्षात ठेवा. एनआयओएस म्हणजे शाळेत न जाता परीक्षा देता येते असं केंद्र सरकारचं मुक्त शाळेचं बोर्ड, त्यात मुक्त मूलभूत शिक्षणाच्या ए, बी, सी अशा लेव्हल आहेत, त्या तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीच्या, आणि दहावीला वयाची १४ पूर्ण लागतात. दहावीला किमान पाच विषय घ्यायचे, एकदा नाव नोंदवलं की पाच वर्षं मिळतात, सगळे विषय एकाच वेळी द्यावे लागत नाहीत. पोर अकरा-बाराचं झालं की त्यांचा सिलॅबस डाउनलोड करा आणि कोर्सच्या धड्यांशेजारी ठेवून बघा, जे कोर्समध्ये नाही ते वेगळं शिकवायला लागेल. तोपर्यंत दर महिन्याला कोर्सचा प्रोग्रेस रिपोर्ट प्रिंट करून वहीबरोबर फाइलला लावा, तारीख टाकून. पुढेमागे शाळेत घालायचं ठरलं तर मूल कुठवर आलंय ते दाखवायला ती फाइल लागते, आणि वर्ष संपल्यावर गोळा करायला बसलात तर अर्धे कागद सापडत नाहीत.