शेव्हरले सी-१०: हौद्यात स्टेपनी उभी कशी बसवायची

१९६७ ते १९७२ च्या शेव्हरले सी-१० या अमेरिकी पिकअपमध्ये कंपनीने पेट्रोलची टाकी केबिनमध्ये, सीटच्या पाठीमागे दिली होती आणि स्टेपनी हौद्याच्या खाली, मागच्या टोकाला. केबिनमधला पेट्रोलचा वास आणि धडकेची धास्ती नको म्हणून बरेच मालक टाकी काढून मागे, चॅसीच्या दोन लाँग मेंबरमध्ये (लांबीच्या दिशेच्या लोखंडी तुळयांमध्ये) नेतात. ती जागा नेमकी स्टेपनीची. मग स्टेपनी हौद्यात टाकली जाते आणि पहिल्याच ब्रेकला पुढच्या भिंतीवर आदळते.

आधी टेप घ्या. २३५/७५ आर १५ टायरचा व्यास ७३४ मि.मी., म्हणजे २९ इंच, आणि हौद्याची भिंत २० इंचांच्या आसपास. उभी स्टेपनी भिंतीच्या वर नऊएक इंच डोकावणारच. हौद्यावर सपाट झाकण असेल तर ती आडवीच ठेवावी लागेल. पुढची भिंत आणि मडगार्डचा उंचवटा यांच्यामध्ये टायर मावत नसेल, तर बाजूच्या भिंतीचा नाद सोडून पुढच्या भिंतीला समांतर उभी करा. पुढे सांगितलेला स्टँड तिथेही तोच चालतो. बाजू निवडायची तर अमेरिकेत उजवी. तिथे गाड्या उजवीकडून चालतात, त्यामुळे रस्त्याच्या कडेला थांबून चाक काढताना तुम्ही रहदारीकडे पाठ करून उभे नसता. भारतात जुनी विलीज जीप असेल तर हाच हिशोब उलटा.

आता मुख्य गोष्ट. चाकाचं वजन फरशीने पेलायचं, स्टँडने फक्त चाक धरून ठेवायचं. लोखंडी रिमसकट हे चाक सहज २२ ते २५ किलो भरतं. ते नुसत्या स्टडवर (रिम ज्यावर चढवून नट आवळतात त्या आटेदार खुंट्यांवर) लोंबकळत ठेवलं की प्रत्येक खड्ड्याला वेल्डिंगवर ताण येतो आणि शेवटी तडा जातो. म्हणून टायरखाली १० मि.मी. जाडीचा रबराचा तुकडा ठेवा आणि टायर त्यावर टेकू द्या.

स्टँडसाठी ५० × ५० × ३ मि.मी. चा चौकोनी पाइप, साधारण ४५० मि.मी. लांब. खाली ३०० × १५० × ६ ची बेस प्लेट, लांब बाजू हौद्याच्या रुंदीला समांतर, कारण वळणावर स्टँड त्याच दिशेने कलंडू पाहतो. पाइप आणि प्लेटच्या कोनात तिरकी पट्टी वेल्ड करा. चाकाच्या केंद्राच्या उंचीवर पाइपाला ६०० मि.मी. लांब, ५० × ६ ची आडवी पट्टी लावा आणि मधोमधपासून दोन्हीकडे २८० मि.मी. वर एकेक रबरी गुटका बसवा. टायरची भिंत सर्वांत जास्त फुगते ती तिथेच. गुटके रिमच्या काठावर आले तर रंग खरवडला जातो आणि तिथून गंज धरतो.

रिम धरायला २०० × १६० × ६ ची प्लेट आणि दोन स्टड पुरतात. इथे बरेच जण फसतात. १९७० पर्यंतच्या सी-१० ला सहा भोकांची रिम येते, भोकांच्या केंद्रांतून जाणारं वर्तुळ साडेपाच इंचांचं. समोरासमोरच्या दोन भोकांतलं अंतर १३९.७ मि.मी. १९७१-७२ ला पुढे डिस्क ब्रेक आले आणि रिम पाच भोकांची झाली, वर्तुळ पाच इंचांचं. पाच भोकांत समोरासमोर जोडी नसतेच. एक सोडून एक भोक घ्या, अंतर १२०.८ मि.मी. भरेल. ही जोडी चाकाच्या केंद्रातूनही जात नाही. केंद्रापासून जवळपास २० मि.मी. वर किंवा खाली येते. हे न धरता स्टड मारले की टायर एकतर फरशीला टेकत नाही किंवा रिम स्टडवर चढतच नाही. प्लेटला उभे खाचे ठेवले, २५ मि.मी. चे, तर पुढे टायरचा साइज बदलला तरी जुळवता येतं. खुद्द गाडीच्या चाकाचे स्टड विकत आणून ठोकले तर सर्वांत बरं. गाडीचाच व्हील पाना लागतो आणि दोन जादा नट कायम जवळ राहतात.

स्टँडपासून प्लेट किती पुढे हवी? चाक पालथं ठेवा, टायरच्या मागच्या भिंतीवर सरळ पट्टी आडवी टाका आणि पट्टीपासून रिमच्या बसण्याच्या जागेपर्यंत खोली मोजा. बहुधा १०० ते १२५ मि.मी. येते. त्यात गुटक्याची जाडी मिळवा आणि ५ मि.मी. वजा करा. या पाच मिलिमीटरमुळे नट आवळताना टायर गुटक्यांवर दाबून बसतो. दाब नसेल तर चाक खडखडतं आणि नट सैल होतात. व्हॉल्व्ह बाहेरच्या बाजूला यायला हवा, हवा तपासायला दरवेळी चाक कोण काढणार?

फरशीला भोक पाडण्याआधी खाली झोपून बघा. नव्या टाकीची पेट्रोल लाइन, मागच्या ब्रेकचा पाइप, वायरिंग आणि सायलेन्सर यांपैकी काहीही ड्रिलच्या वाटेत असू शकतं. त्यांची जागा वर फरशीवर आखून ठेवा, ड्रिलच्या बिटवर टेप गुंडाळून खोली बांधा. बेस प्लेटच्या चार बोल्टपैकी दोन हौद्याखालच्या आडव्या मेंबरमधून जायला हवेत. उरलेल्या दोघांखाली १०० × १०० × ५ ची प्लेट द्या, नुसता वायसर नाही. आधी ३ मि.मी. चं भोक, मग ६, शेवटी १०.५. बोल्ट एम-१०, ८.८ ग्रेडचे, झिंक चढवलेले, नायलॉक नटसकट (आतल्या नायलॉनच्या कड्यामुळे सहज सैल न होणारा नट).

फरशी लाकडी असेल तर (या गाड्यांत ती सर्रास असते) एक काम टाळूच नका. लाकूड पावसाळी हवेत फुगतं, कोरड्या हवेत आकसतं, आणि लाकडावर आवळलेला बोल्ट दर ऋतूत ढिला पडतो. फळीच्या जाडीइतका लोखंडी नळीचा तुकडा कापून भोकात बसवा, म्हणजे बोल्टचा दाब लोखंडावरून थेट मेंबरवर जातो. तिथे भोक नळीच्या मापाचं लागेल. त्याच्या कडांना आतून वार्निश द्या. पत्र्याची फरशी असेल तर कडा कानशीने साफ करून प्रायमर आणि रंग लावा. फळ्यांमधल्या लोखंडी पट्ट्यांना भोक पाडू नका.

हौद्याच्या बाजूच्या भिंतीला बोल्ट मारायचा मोह होतोच. तसं केलं की बाहेरच्या पत्र्यावर खळगा किंवा फुगवटा दिसतो, आणि जुन्या गाडीचा तो पत्रा सरळ करणं हे स्टँड बनवण्यापेक्षा महाग पडतं.

बेसचे बोल्ट ४० न्यूटन-मीटरपर्यंत आवळा, रिमचे नट त्याहून थोडे कमी. इथे चाक रस्त्यावर फिरत नाहीये. शंभरेक किलोमीटरनंतर सगळे पुन्हा तपासा. स्टेपनीत हवा गाडीच्या चाकांपेक्षा ३-४ पीएसआय जास्त ठेवा, मात्र टायरवर छापलेल्या कमाल आकड्याच्या आत. हवा उतरली की गुटक्यांवरचा दाबही जातो, तेव्हा खडखडाट ऐकू आला तर आधी गेज लावा, मग पाना.

झाकणामुळे चाक आडवंच ठेवावं लागलं तर आडव्या मेंबरमधून एकच अर्धा इंची स्टड वर काढा, रिमच्या मधल्या भोकापेक्षा मोठी ६ मि.मी. ची प्लेट वरून टाका आणि नट आवळा. टायरखाली तीन-चार रबरी पट्ट्या द्या, सलग रबर नको. त्याखाली पाणी साचून फळी कुजते.

हौद्यातली स्टेपनी दिवसभर उन्हात असते, तेव्हा टायरला कापडी कव्हर घाला आणि भिंतीवरच्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार आकडे बघा: २३१९ म्हणजे टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. दहा वर्षं उलटलेला टायर, नक्षी नवीकोरी दिसली तरी, बदला.