ओल्ड स्कूल हिप हॉप आणि साल्सा: डीजे होऊ पाहणाऱ्यांसाठी

न्यू जर्सीत मी पार्ट्या वाजवतो. नवी मुलं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला: कंट्रोलर (गाणी मिसळायचं यंत्र) कोणता घेऊ? लॅटिन वळणाच्या जुन्या हिप हॉपमध्ये काम करायचं असेल, तर मी सांगतो, खरेदी राहू दे, आधी बेस ऐकायला शीक. पोरं हिरमुसतात.

ब्रॉन्क्सच्या कोल्ड क्रश ब्रदर्सचा पोर्तो रिकन डीजे चार्ली चेस आधी लॅटिन बँडमध्ये बेस वाजवायचा. हिप हॉप हे काळ्या मुलांचं, तुझं इथे काय काम, असं त्याला सुनावलं जायचं. गंमत म्हणजे तीच मुलं ज्या ब्रेकवर (गाण्यातल्या नुसत्या तालाच्या तुकड्यावर) जीव टाकत होती, त्या इन्क्रेडिबल बाँगो बँडच्या १९७३ च्या ‘अपाची’त बाँगो-काँगा हे हातांनी वाजवायचे लॅटिन ढोलच तर घुमतात.

आपल्या कानाची अडचण वेगळीच. आपण समेवर वाढलेलो. साल्साचा बेस, म्हणजे तुंबाव, नेमका पहिली मात्रा टाळतो. दोन आणि तीनच्या मध्ये पडतो, मग चारवर, आणि चारवरच पुढच्या मात्रांचा सूर धरून मोकळा होतो. बेस जिथे ठणकला तिथून लूप (पुन्हा पुन्हा फिरवायचा तुकडा) कापलात तर सगळं तिरकं जातं. त्यापेक्षा गाण्याच्या उत्तरार्धात मोठी काउबेल सुरू होते ती पकडा, तिचे जोराचे ठोके एक आणि तीनवर असतात. लूप दोन बारचाच (चार मात्रांचा एक बार) कापा. क्लावेचं, म्हणजे साल्साच्या पायाभूत ठेक्याचं, चक्र दोन बारचं असतं. एकाच बारचा लूप फिरवलात की नाचणाऱ्यांचे पाय अडखळतात.

वेगाचं गणित सोपं. मिनिटाला १९० ठोक्यांचा साल्सा ९५ च्या हिप हॉपवर निम्म्याने बसतो. टेक्निक्स १२०० या टर्नटेबलवर पिच, म्हणजे रेकॉर्डचा वेग, ८ टक्के वर-खाली होतो, तेवढा पुरतो. पण हे बँड क्लिक (कानात वाजणारा ठेका) न लावता वाजलेले, कोरसला हमखास धावतात. म्हणून हात पिचच्या फेडरवरून (सरकपट्टीवरून) काढायचा नाही.

निर्मितीकडे वळणाऱ्यांनी १९८७ च्या एसपी-१२०० या सॅम्पलरवर (रेकॉर्डमधले तुकडे, म्हणजे सॅम्पल, साठवून वाजवणाऱ्या मशीनवर) एकदा तरी बसावं. मेमरी सगळी मिळून जेमतेम १० सेकंदांची. म्हणून ३३ ची रेकॉर्ड ४५ वर फिरवून सॅम्पल घ्यायचे आणि मशीनमध्ये सूर खाली आणायचे. त्यातून येणारा खरखरीतपणा हाच त्या काळचा आवाज.

पोट मात्र क्लबवर भरत नाही. पंधराव्या वाढदिवसाच्या किन्सेन्येरा, लग्नं, चर्चचे हॉल यांवर महिना निघतो. तिथे आज्या मेरेंगे हे जुनं नाचगाणं मागतात, नातवंडं आजचं रेगेटोन. दोघांना एका तासात सांभाळता आलं की पुढचं बोलावणं त्याच हॉलमधून येतं. ॲडव्हान्स घेतल्याशिवाय तारीख लिहून ठेवू नका.

सॅम्पल वापरून गाणं विकायचं असेल तर १९९१ चा रॅपर बिझ मार्कीविरुद्धचा कोर्टाचा निकाल वाचा. विनापरवाना सॅम्पलिंगचे दिवस त्याने संपवले. परवानग्या दोन लागतात, ध्वनिमुद्रणाची आणि रचनेची. फानिया या साल्साच्या जुन्या लेबलच्या रेकॉर्डिंगसाठी आता कॉन्कॉर्ड या संगीत कंपनीचं दार ठोठवावं लागतं, रचनेचा प्रकाशक वेगळा असू शकतो. सुरुवातीला हा खर्च झेपत नाही. मी सरळ काँगावाल्याला बोलावतो, ओळखीच्या गाण्याची नक्कल न करता नवीनच ताल वाजवून घेतो, त्याची बिदागी त्याच दिवशी देतो आणि हक्कांच्या कागदावर सही घेतो.