पोस्टजीआयएसमधला अवाढव्य लेअर क्यूजीआयएसमध्ये रखडतो, तेव्हा

पोस्टजीआयएस या नकाशांच्या डेटाबेसमधला लेअर (नकाशाचा एक थर) क्यूजीआयएस या नकाशे बघायच्या प्रोग्रॅममध्ये जोडला, चक्र फिरत राहिलं आणि नकाशा मात्र कोराच. अशा वेळी बहुतेकांना आधी रॅम वाढवायची सुचते. घाई करू नका. पडदा जेमतेम दोनेक हजार पिक्सेल रुंद. त्यावर वीस लाख बहुभुज (बंदिस्त आकार) मागवले तर कुठलंही मशीन धापा टाकणारच.

आधी दुखणं ओळखा. लेअर जोडतानाच वेळ लागतो की नकाशा सरकवताना? दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

जोडताना अडत असेल, तर क्यूजीआयएस बहुधा भूमितीचा (म्हणजे साठवलेल्या आकारांचा) प्रकार आणि व्याप्ती शोधायला अख्खं टेबल वाचतंय. कनेक्शनच्या सेटिंगमध्ये ‘यूज एस्टिमेटेड टेबल मेटाडेटा’वर खूण करा, म्हणजे थोडा नमुना आणि साठवलेली आकडेवारी यांवर काम भागेल. व्ह्यू (साठवलेली क्वेरी) जोडत असाल तर प्रत्येक ओळीला वेगळा पूर्णांक देणारा कॉलम की, म्हणजे ओळीची ओळख, म्हणून निवडा.

सरकवताना अडत असेल, तर भूमितीच्या कॉलमवर जिस्ट इंडेक्स (जागेनुसार शोध वेगवान करणारी सूची) आहे का ते बघा. शेपफाइल (नकाशाच्या डेटाची फाइल) ‘एसएचपीटूपीजीएसक्यूएल’ या साधनाने डेटाबेसमध्ये आणताना कॅपिटल आयचा (-I) पर्याय राहून गेला, तर इंडेक्स बनतच नाही, ही चूक फार जणांकडून होते. इंडेक्स बनवल्यावर ‘व्हॅक्यूम ॲनालाइझ’ चालवा, म्हणजे टेबलाची आकडेवारी ताजी होते. मग एका लहान चौकटीपुरती क्वेरी ‘एक्सप्लेन ॲनालाइझ’ (क्वेरी कशी चालली ते दाखवणारी आज्ञा) लावून तपासा. मोठ्या टेबलावर तरीही सीक्वेन्शियल स्कॅन (अख्खं टेबल ओळीओळीने वाचणं) दिसला, तर शंकेला जागा आहे. (पूर्ण नकाशाच मागितला असेल तर तो स्कॅन बरोबरच आहे, तिथे इंडेक्स काय करणार?)

इंडेक्स असूनही वापरला जात नसेल, तर अटीत कॉलमवरच ‘एसटी_ट्रान्सफॉर्म’ (नकाशाचं प्रक्षेपण बदलणारं फंक्शन) लावलंय का पाहा. तसं केलं की साधा इंडेक्स निरुपयोगी ठरतो. कॉलमला हात न लावता शोधाची चौकट टेबलाच्या प्रक्षेपणात बदला. ते एकदाच करावं लागतं.

खरी मेख मोठ्या बहुभुजांत असते. इंडेक्सला आकार कळत नाही, त्याच्याभोवतीचा आयत तेवढा कळतो. वेड्यावाकड्या किनाऱ्याचा लाखभर बिंदूंचा एकच बहुभुज असेल, तर त्याच्या आयतात अर्धा समुद्र येतो. कोपऱ्यातला इवलासा भाग बघायचा असला तरी सगळे बिंदू डिस्कवरून उचलावे लागतात. ‘एसटी_सबडिव्हाइड’ त्याचे तुकडे करतं. काही सांगितलं नाही तर तुकड्याला कमाल 256 बिंदू. मूळ टेबल तसंच ठेवून तुकडे वेगळ्या टेबलात टाका, त्यावरही इंडेक्स करा. आता कडेची रेघ काढली तर तुकड्यांचे जोड दिसतील, म्हणून हे टेबल शोधासाठी किंवा नुसत्या रंगभरणीसाठी बरं.

दूरवरून बघताना तपशील हवेतच कशाला? लेअरच्या रेंडरिंगमध्ये प्रमाणाची मर्यादा घाला आणि लहान प्रमाणासाठी सोप्या केलेल्या आकारांचा मटेरियलाइज्ड व्ह्यू (निकाल साठवून ठेवणारा व्ह्यू) ठेवा. ‘एसटी_सिम्प्लिफाय’ने शेजाऱ्यांच्या सामाईक सीमांत फटी पडतात. पोस्टजीआयएस 3.4 पासून त्यासाठी ‘एसटी_कव्हरेजसिम्प्लिफाय’ आहे, फक्त सोबत जिऑस (भूमितीची लायब्ररी) 3.12 किंवा त्यापुढचं लागतं. या व्ह्यूलाही स्वतःचा इंडेक्स द्यावा लागतो, आणि मूळ डेटा बदलला की रिफ्रेशही करावं लागतं.

सर्व्हरच्या सेटिंग्ज सगळ्यांत शेवटी. डेटा एसएसडीवर असेल तर ‘रँडम_पेज_कॉस्ट’ (डिस्कवरचं विखुरलेलं पान वाचायचा अंदाजी खर्च) मूळच्या 4 वरून 1.1 च्या आसपास आणा आणि तीच क्वेरी पुन्हा मोजा.