पॉलिमरच्या आतच सिलिका वाढवायची असेल तर

पीव्हीएच्या (पॉलिव्हिनिल अल्कोहोल, पाण्यात विरघळणारं पॉलिमर) द्रावणात तयार सिलिकाची पावडर टाकली की गुठळ्या होतात आणि स्टरर कितीही वेळ चालवला तरी त्या सुटत नाहीत. म्हणून सिलिका आतच तयार होऊ द्यायची, टीईओएसपासून (टेट्राइथाइल ऑर्थोसिलिकेट, पाण्याशी क्रिया होऊन सिलिका देणारा द्रव). सांगली-साताऱ्याच्या कॉलेजांत एम.एस्सी. प्रोजेक्टसाठी हा विषय छान आहे: हॉटप्लेट, ओव्हन आणि मफल फर्नेस असले की काम सुरू होतं.

आधी हिशेब. 100 ग्रॅम टीईओएसमधून फार तर 28.8 ग्रॅम सिलिका मिळते. 5 ग्रॅम पीव्हीएच्या फिल्ममध्ये 20 टक्के सिलिका हवी तर 4.6 मिली टीईओएस घ्या.

पीव्हीए 50 मिली थंड पाण्यात भुरभुरवून मग 90 अंशांपर्यंत तापवा, द्रावण नितळ झालं की निववा. टीईओएस त्यात थेट ओतू नका. ते पाण्यात मिसळत नाही, तेलासारखं वर तरंगतं आणि वाळवताना बरंचसं उडून जातं. वेगळ्या बीकरमध्ये टीईओएस, तेवढंच इथेनॉल आणि 0.1 मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल 1.5 मिली एकत्र ढवळा. सुरुवातीचे दोन थर एकजीव होऊन बीकर किंचित कोमट लागला की क्रिया सुरू झाली. तरी तासभर ढवळत राहा. हे फ्यूम हूडमध्ये, गॉगल लावूनच. टीईओएसची वाफ डोळ्यांना घातक असते.

आता हे मिश्रण पीव्हीएत थेंबाथेंबाने सोडा. घाई केली तर थेंब पडतो तिथे इथेनॉल जास्त होतं आणि पीव्हीएचे पांढरे धागे बाहेर पडतात. आम्लाऐवजी अमोनिया वापरायचा मोह टाळा: त्याने स्टोबर या संशोधकाच्या 1968 च्या पद्धतीतल्यासारखे सुटे गोल कण बनतात, फिल्म दुधाळ होते.

सगळ्यात जास्त नमुने वाळवताना वाया जातात. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात उघडी पेट्री डिश ठेवली तर कडा आधी सुकतात, आकसतात आणि फिल्म तडकते. वर फिल्टर पेपर झाका, 40 अंशांवर सावकाश वाळवा, शेवटी 80 अंश द्या. पावसाळ्यात हवेच्या भरवशावर राहू नका, ओव्हनच लावा.

एसईएमसाठी (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी) कोल्हापूरला विद्यापीठात नमुने नेण्याआधी वजन केलेला कोरडा तुकडा क्रुसिबलमध्ये 700 अंशांवर जाळा. पांढरी राख 20 टक्क्यांच्या आसपास हवी. कमी भरली तर टीईओएस उडालं. काळी दिसली तर कार्बन उरलाय, पुन्हा तापवा. राख बरोबर आली तरी सिलिकाचं जाळं (Si-O-Si बंधांचं) पूर्ण जुळलंय असं मानू नका. ते एफटीआयआरमध्ये (इन्फ्रारेड वर्णपटात) 950 सेमी⁻¹ च्या आसपासच्या सिलॅनॉलच्या, म्हणजे न जुळलेल्या Si-OH गटांच्या, पट्ट्यावरून कळतं.