कार्यालयाची जागा सोडण्यापूर्वी: घरून काम आणि व्हर्च्युअल ऑफिस यांची तयारी

भोसरी आणि चाकण परिसरातील लघुउद्योगांचे हिशेब, पगारपत्रके आणि करविवरणपत्रे तयार करण्याचे काम आमची लहानशी खासगी मर्यादित कंपनी पुण्यात करते. भाड्याची जागा सोडायची, सर्वांनी घरून काम करायचे आणि कंपनीच्या पत्त्यासाठी व्हर्च्युअल ऑफिस (प्रत्यक्ष जागा न घेता शुल्क देऊन वापरायचा कार्यालयाचा पत्ता) घ्यायचे, असे आम्ही ठरवले, तेव्हा सगळे लक्ष लॅपटॉप आणि इंटरनेटवर होते. प्रत्यक्षात अडचण आली ती पत्त्याची, टपालाची आणि कागदांची. म्हणून जो क्रम आम्ही पाळायला हवा होता, त्या क्रमाने ही तयारी येथे मांडत आहे.

सर्वप्रथम या बदलातून आपल्याला नेमके काय मिळणार आहे, ते आकड्यांत लिहून काढावे. भाडे, त्यावरील १८ टक्के जीएसटी, इमारतीचा देखभाल खर्च, व्यापारी दराने येणारे वीजबिल, साफसफाई आणि पाण्याचे जार हे सगळे एका बाजूला घ्यावे. दुसऱ्या बाजूला व्हर्च्युअल ऑफिसचे शुल्क, प्रत्येकाचा लॅपटॉप, इंटरनेट भत्ता, स्कॅनर, कुरिअर आणि महिन्यातून एकदा सर्वांनी एकत्र बसण्यासाठी घेतलेल्या सभाकक्षाचे भाडे धरावे. भाड्यातील बचत या मांडणीत लगेच दिसते, पण माझ्या मते खरा लाभ मांडणीबाहेर राहतो. आमच्या एका सहकारी ताईंना वडिलांच्या आजारपणामुळे कुडाळला परत जावे लागले. सात वर्षांत ज्या कारखान्यांचे हिशेब त्यांच्या हाताखालून गेले, त्यांपैकी कोणाचे बिल नेहमी उशिरा येते आणि कोणाच्या साठ्याच्या नोंदी दोनदा तपासाव्या लागतात, हे त्यांना तोंडपाठ आहे. पूर्वी अशा वेळी राजीनामा घेण्यावाचून पर्याय नसे. आज त्या कुडाळहून तेच काम करतात. याला अभ्यासाचाही आधार आहे. चीनमधील सीट्रिप या प्रवासी कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये नऊ महिने चाललेल्या प्रयोगात घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली आणि नोकरी सोडण्याचे प्रमाण निम्म्यावर आले. प्रयोग संपल्यावर एकटेपणामुळे अनेकांनी कार्यालयात परतणे पसंत केले, ही बाबही तितकीच ध्यानात ठेवावी. त्याच कंपनीत १,६१२ कर्मचाऱ्यांवर पुढे झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आठवड्यातून दोन दिवस घरून काम दिल्याने राजीनामे एक तृतीयांशाने घटले आणि कामगिरीवर विपरीत परिणाम झाला नाही, असे दिसून आले.

त्यानंतर तारीख ठरवावी. आमच्या व्यवसायात महिना ७ तारखेच्या टीडीएसच्या (पैसे देतानाच कापलेल्या कराच्या) भरण्याने सुरू होतो. मग ११ तारखेला जीएसटीआर-१ हे विक्रीचे विवरणपत्र, १५ तारखेला भविष्यनिर्वाह निधी आणि २० तारखेला जीएसटीआर-३बी हे करभरण्याचे विवरणपत्र असते. त्यामुळे स्थलांतर २१ तारखेपासून महिनाअखेरीपर्यंतच्या दिवसांतच करावे, आणि कामाच्या गर्दीचे जुलै व सप्टेंबर हे महिने पूर्णपणे टाळावेत. तारीख पक्की करण्यापूर्वी चालू लिव्ह अँड लायसन्स करारातील लॉक-इन (ज्या काळात जागा सोडता येत नाही तो काळ) आणि पूर्वसूचनेची मुदत वाचावी, आणि नवीन पत्त्याची सर्व कागदपत्रे हातात पडेपर्यंत जागामालकांना सूचना देऊ नये.

पत्त्याच्या तयारीला सर्वाधिक वेळ राखून ठेवावा. व्हर्च्युअल ऑफिस नेमके कशासाठी हवे आहे, केवळ टपालासाठी, जीएसटीच्या मुख्य व्यवसायस्थळासाठी की कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयासाठी, हे आधी निश्चित करावे, कारण प्रत्येकासाठी लागणारी कागदपत्रे आणि जबाबदारी वेगळी आहे. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १२ नुसार नोंदणीकृत कार्यालयात आलेले पत्र स्वीकारून त्याची पोच देण्याची सोय असलीच पाहिजे, आणि कंपनी निबंधकांना (कंपन्यांची नोंदणी पाहणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांना) शंका आल्यास ते त्या जागेची प्रत्यक्ष पाहणी करू शकतात. त्याच कलमानुसार कंपनीचे नाव आणि पत्ता असलेला फलक बाहेर लावावा लागतो आणि त्यावरील मजकूर स्थानिक भाषेच्या लिपीतही असावा लागतो. करारात फलकासाठी जागा, त्यावरील मराठी मजकूर आणि तो कोणत्या मजल्यावर लागणार, हे स्पष्ट लिहून घ्यावे, कारण अशा ठिकाणी बहुधा एका सामाईक पाटीवर कागदाची पट्टी चिकटवून वेळ भागवली जाते. पत्ता बदलल्याची सूचना आयएनसी-२२ या अर्जाने ३० दिवसांत द्यावी लागते. त्याच शहराच्या हद्दीत बदल असेल तर संचालक मंडळाचा ठराव पुरतो, हद्दीबाहेर जायचे असेल तर भागधारकांचा विशेष ठराव लागतो. पुणे आणि मुंबई यांचे कंपनी निबंधक वेगळे असल्यामुळे एकाकडून दुसऱ्याकडे जायचे झाल्यास त्यांच्या वरच्या सरकारी अधिकाऱ्यांची, म्हणजे प्रादेशिक संचालकांची, संमतीही लागते; म्हणून केवळ स्वस्त मिळते म्हणून दुसऱ्या शहरातील पत्ता घेऊ नये. संचालकांच्या घराचा पत्ताही नोंदवता येतो, मात्र तो सार्वजनिक नोंदीत सर्वांना दिसतो.

जीएसटीसाठी मुख्य व्यवसायस्थळातील बदल १५ दिवसांत आरईजी-१४ या अर्जाने कळवावा लागतो. त्यासाठी करारनामा, जागामालकांचे नाहरकत पत्र आणि त्यांच्या नावाचे अलीकडचे वीजबिल किंवा मालमत्ताकराची पावती ताब्यात घ्यावी, आणि तिन्ही कागदांवरील मालकाचे नाव व गाळा क्रमांक अक्षरशः जुळतात की नाही, ते स्वतः तपासावे. अधिकारी पाहणीसाठी आल्यास स्वागतकक्षातील व्यक्तीला आपल्या कंपनीचे नाव माहीत असावे आणि नोंदणी प्रमाणपत्राची प्रत तेथे लावलेली असावी. हिशेबाची पुस्तके नोंदणीकृत कार्यालयाऐवजी भारतात अन्यत्र ठेवायची असतील तर संचालक मंडळाने तसे ठरवून सात दिवसांत एओसी-५ हा अर्ज भरावा.

टपालाबाबत आम्ही गाफील राहिलो आणि त्याची किंमत मोजली. बँकेने केवायसी कागदपत्रांसाठी स्पीड पोस्टने पाठवलेले स्मरणपत्र आमच्या व्हर्च्युअल ऑफिसच्या स्वागतकक्षातील खणात अकरा दिवस पडून राहिले. पगाराच्या दिवशी चालू खात्यातून पैसे निघेनात, तेव्हा आम्हाला ते कळले. पगार दोन दिवस उशिरा झाले, आणि त्या दोन दिवसांत प्रत्येक सहकाऱ्याला केलेला फोन मला आजही आठवतो. तेव्हापासून आलेल्या प्रत्येक पत्राच्या लिफाफ्याचे छायाचित्र त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणे आम्ही करारात घातले आहे, आणि दर सोमवारी आमच्यापैकी एक जण स्वतः जाऊन टपाल घेऊन येतो.

कागदांच्या बाबतीत प्रत्येक बॉक्स फाइल उघडून तिचे काय करायचे ते ठरवावे: काही कागद पक्षकाराला (ज्याचे काम आपण करतो त्या ग्राहकाला) पोचपावती घेऊन परत करावेत, काही स्कॅन करावेत आणि काही मूळ स्वरूपात कपाटात राहू द्यावेत. पक्षकारांच्या डिजिटल सहीची टोकन (सही साठवलेली छोटी यूएसबी उपकरणे) एका खणात ठेवण्याची पद्धत हिशेबाच्या व्यवसायात सर्रास आहे. माणसे पांगण्यापूर्वी ती ज्याची त्याला परत करावीत, कारण एखाद्याची सही सहकाऱ्याच्या घरातील ड्रॉवरमध्ये असणे कोणाच्याच हिताचे नाही. कंपनीचे हिशेब संगणकावर असल्यास त्यांची प्रत भारतातील सर्व्हरवर दररोज ठेवणे बंधनकारक आहे, आणि ती प्रत खरोखर उघडते की नाही, हे एकदा करून पाहावे. लॅपटॉप कंपनीचेच असावेत आणि प्रत्येक खात्याला ओटीपी किंवा तत्सम दुसरी पडताळणी लावावी.

माणसांच्या घरची तयारी गृहीत धरू नये, ती विचारावी. बसायला जागा आहे का, दिवसभर घरात कोण असते आणि वीज किती वेळा जाते, हे प्रत्येकाशी स्वतंत्रपणे बोलून समजून घ्यावे. धायरीतील आमचे एक सहकारी वन-रूम-किचनमध्ये राहतात. तेथे घडीचे टेबल ओट्याला लागूनच मांडावे लागे, आणि कुकरची शिट्टी झाली की पक्षकाराला फोनवर थांबवावे लागे. त्यांच्यासाठी आम्ही घराजवळ को-वर्किंगमधील (भाड्याच्या सामाईक कार्यालयातील) एक आसन घेतले, आणि माझ्या मते हा खर्च कंपनीनेच करायला हवा. कुडाळला पावसाळ्यात वीज तासन्‌तास जाते, त्यामुळे राउटरसाठी छोटा इन्व्हर्टर आणि दुसऱ्या कंपनीचे सिम मे महिन्यातच पाठवून दिले. कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्यात निवासस्थानाचाही कार्यस्थळात समावेश आहे. म्हणून दहा किंवा अधिक कर्मचारी असल्यास अशा तक्रारींची अंतर्गत समिती नेमावी, आणि तिचे संपर्क आणि ऑनलाइन बैठकींतील वर्तनाचे नियम सर्वांना लेखी द्यावेत.

कामाचा दिनक्रम थोडक्यात ठरवावा: सकाळी पंधरा मिनिटांची एकत्र बैठक घ्यावी आणि सायंकाळी सातनंतर फोन करू नये. नव्याने रुजू झालेल्यांना मात्र पहिले तीन महिने अनुभवी सहकाऱ्याशेजारी प्रत्यक्ष बसवावे, कारण खतावणीतील चूक पडद्यावर दाखवून समजते तशी फोनवर सांगून समजत नाही.

बँक, पॅन, टॅन (करकपातीचा खाते क्रमांक), भविष्यनिर्वाह निधी, उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी), लेटरहेड आणि बिलांवरील पत्ता एकाच आठवड्यात बदलून घ्यावा. जागा सोडण्याच्या दिवशी वीजमीटरच्या वाचनाचे आणि रिकाम्या खोल्यांचे छायाचित्र काढावे, अनामत रक्कम परत मिळण्याची तारीख लिहून घ्यावी, टपाल कार्यालयात पत्ताबदलाचा अर्ज द्यावा आणि इमारतीच्या वॉचमनकाकांकडे आपला मोबाईल क्रमांक ठेवावा. आमच्या नावाची दोन पाकिटे त्यानंतरही जुन्या पत्त्यावर आली, आणि दोन्ही वेळा फोन त्यांचाच आला.