मेडिकलमधून परस्पर औषध कधी घ्यावं, डॉक्टरांकडे कधी जावं

इंग्लंडमध्ये ३१ जानेवारी २०२४ पासून सात ठरावीक तक्रारींवर फार्मासिस्ट स्वतः तपासून, लागलं तर अँटिबायोटिकसुद्धा देतो. घसादुखी, मुलांची कानदुखी, नागीण, बायकांना होणारी लघवीची साधी जळजळ या त्यातल्या काही. तिकडे असलेली मुलं फोनवर हे सांगतात आणि इंदुरात आईबाबा तीच अपेक्षा कोपऱ्यावरच्या मेडिकलकडून धरतात. आपल्याकडे फार्मासिस्टला औषध लिहून देण्याचा अधिकार नाही. डॉक्टरांनी लिहिलेलं औषध देणं, ते कसं घ्यायचं ते समजावणं आणि बिनचिठ्ठीची औषधं विकणं, हे त्याचं काम. पण या कामाचाही पुरेपूर उपयोग आपण करून घेत नाही.

आधी खात्री करा की समोरचा माणूस खरंच फार्मासिस्ट आहे. नोंदणीचा दाखला दुकानात लावलेला असतो, आणि नियमाप्रमाणे त्याने पांढरा कोट व नाव-नोंदणी क्रमांकाचा बिल्ला घालायचा असतो. ‘फार्मासिस्ट कौन हैं?’ असं सरळ विचारा, यात संकोच कसला? मग ‘भैया, दस्त लग रहे हैं, कुछ दे दो’ एवढ्यावर थांबू नका. वय, लहान मूल असेल तर वजन, तक्रार किती दिवसांची, बीपी-शुगरच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, कशाची ॲलर्जी, गरोदरपण किंवा अंगावर पाजणं, एवढं सांगितलं तरच तो नीट सांगू शकेल.

जुलाबात पहिली खरेदी ओआरएसची. मोठं, साधारण २० ग्रॅमचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात; छोटं चार ग्रॅमचं २०० मिलिलिटरमध्ये. मोठं पाकीट पेलाभर पाण्यात ढवळलं तर मीठ फार जास्त होतं आणि लहान मुलाला ते धोक्याचं ठरतं. कालवलेलं २४ तासांनंतर ओतून द्या. फळांच्या चवीची गोड पेयं ओआरएसच्या जागी चालत नाहीत. त्यात साखर जास्त आणि क्षार कमी, त्यामुळे जुलाब वाढू शकतात. मुलांना यासोबत झिंक चौदा दिवस लागतं, त्याचं प्रमाण विचारून घ्या. जुलाब थांबवणारी लोपरामाइडची गोळी मुलांना नको, आणि शौचात रक्त किंवा ताप असेल तर मोठ्यांनाही नको. अशा वेळी डॉक्टरच.

तापासाठी पॅरासिटामॉल. मुलांचा डोस वजनावर ठरतो: किलोमागे १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार तास, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. चूक होते ती बाटलीत. दहा किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम लागतं. पाच मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम असलेल्या सिरपचे सहा मिलिलिटर, २५० वाल्याचे तीन, आणि एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम असलेल्या थेंबांचे फक्त दीड. थेंबांचं औषध चहाच्या चमच्याने दिलं की एका फटक्यात ५०० मिलिग्रॅम पोटात जातं. लेबल वाचा आणि फार्मासिस्टकडून मिलिलिटरमध्ये लिहून घ्या. मोठ्यांनी सर्दीच्या गोळीवर वेगळी पॅरासिटामॉल घेऊ नये. बहुतेक सर्दीच्या गोळ्यांत ती असतेच.

पावसाळ्यात डेंग्यूची शंका असेल तर आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन, डायक्लोफेनॅक घेऊ नका, रक्तस्राव वाढतो. ताप उतरताना पोटात जोरात दुखू लागलं, उलट्या थांबेनात किंवा हिरड्यांतून रक्त आलं, तर मेडिकलकडे वळू नका, सरळ इंदूरचं सरकारी एम. वाय. हॉस्पिटल किंवा जवळचं हॉस्पिटल गाठा.

नायट्यावर मेडिकलमधून मिळणारं मिश्र मलम हा या भागातला मोठा घात आहे. क्लोबेटासोल, बेटामेथासोन किंवा बेक्लोमेथासोन ही नावं ट्यूबवर दिसली की ते स्टेरॉइड. दोन दिवसांत खाज थांबते, लाली जाते आणि बरं वाटतं; पण आत बुरशी पसरत असते, नायटा वेडावाकडा वाढतो, जांघेतली कातडी पातळ होऊन चिरते. नुसतं क्लोट्रिमाझोल मागा. दिवसातून दोनदा, डागाच्या कडेपलीकडे दोन सेंटिमीटरपर्यंत लावा आणि डाग गेल्यावरही दोन आठवडे चालू ठेवा. डाग बरेच असतील, किंवा डोक्यावर, नखांत असतील, तर त्वचारोगतज्ज्ञ.

अँटिबायोटिकच्या पट्टीवर उभी लाल रेघ असते. ती दिसली की चिठ्ठी हवीच, दुकानदार ओळखीचा असला तरी. व्हायरसच्या सर्दी-खोकल्यावर ते चालतच नाही.

खोकल्याच्या सिरपबाबत आपल्याच मध्य प्रदेशात, छिंदवाड्यात २०२५ मध्ये विषारी सिरपने मुलं गेली. दोन वर्षांखालच्या मुलाला खोकल्याचं कुठलंही सिरप देऊच नये, आणि पाचच्या आतल्यांना डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नाही.

वाट पाहायची नाही अशा गोष्टी: तीन महिन्यांखालच्या बाळाला कसलाही ताप, तीन दिवसांपलीकडे गेलेला ताप, सहा-आठ तास लघवी नाही, धाप लागणं. छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं किंवा एका बाजूची ताकद जाणं याला थेट १०८.

पट्टी कापून देताना मुदतीची तारीख असलेला भाग आपल्याकडे राहील असं सांगा. बिल घ्याच, त्यावर बॅच नंबर असतो. एखादी बॅच परत मागवली गेली तर घरातली बाटली तीच आहे का, हे त्यावरूनच कळतं.