पॉवर सिस्टिम स्टडीचं सॉफ्टवेअर घेताना

वीजजाळ्याचे हिशेब करणारं सॉफ्टवेअर घ्यायचं, तर विक्रेत्याला डेमोला बोलावण्याआधी हातातल्या वर्क ऑर्डर काढून बसा. आमची कामं बहुतेक चाकण-रांजणगावची: लोड फ्लो (कुठून किती वीज वाहते), शॉर्ट सर्किट, रिले कोऑर्डिनेशन (बिघाडाजवळचाच ब्रेकर आधी तुटावा अशी जुळणी), आर्क फ्लॅश (शॉर्ट सर्किटच्या भडक्याचा धोका), अधूनमधून हार्मोनिक्स (वीजलहरीतली विकृती). एवढ्याला ईटॅप किंवा एसकेएम पुरतं. बंगळुरूच्या पीआरडीसी कंपनीचं मायपॉवरही बघाच. सोलर-विंडचा प्रकल्प आंतरराज्य ग्रिडला जोडायचा असेल, तर मात्र आवडीनिवडीला जागा नाही. सीटीयू (त्या ग्रिडला जोडणी देणारी केंद्रीय संस्था) पीएसएसई आणि पीएसकॅड या सॉफ्टवेअरमधली मॉडेलं मागतं. तिथे दुसऱ्या सॉफ्टवेअरमधला रिपोर्ट कितीही देखणा असला तरी काम अडतंच. टेंडरमध्येही कधीकधी सॉफ्टवेअरचं नाव लिहिलेलं असतं, ते कलम शोधा.

डेमोवाल्याचं नमुन्याचं वीज-नेटवर्क कधी अडत नाही, अडेल कसं? म्हणून मी माझीच केस पुढे ठेवतो. ११ केव्ही/४३३ व्होल्टचे, ५ टक्के इम्पीडन्सचे (अंतर्गत अडथळ्याचे) १००० केव्हीएचे दोन ट्रान्सफॉर्मर, बस कपलर (दोन बाजू जोडणारा ब्रेकर) लावून पॅरललमध्ये. एकाचा फुल लोड करंट १३३३ अँपिअर. ११ केव्हीला सोर्स फॉल्ट लेव्हल (पुरवठ्याची शॉर्ट सर्किटची ताकद) ५०० एमव्हीए धरली आणि केबल सोडून दिल्या, तर हाताने शॉर्ट सर्किटचे साधारण ४९.४ केए (किलोअँपिअर) येतात. म्हणजे ५० केएचं पॅनल चाललं! आता हीच केस आयईसी ६०९०९ या शॉर्ट सर्किट हिशेबाच्या मानकाप्रमाणे चालवा. व्होल्टेज फॅक्टर आणि ट्रान्सफॉर्मर करेक्शन लागल्यावर आकडा ५१ च्या आसपास जातो, पॅनल नापास. मोटरींचं काँट्रिब्यूशन (शॉर्ट सर्किटमध्ये मोटरी स्वतः घालतात तो करंट) अजून धरलेलंच नाही. सॉफ्टवेअरने हे लाल करून दाखवलं पाहिजे आणि कोणता फॅक्टर किती धरला हे रिपोर्टमध्ये छापलं पाहिजे. नुसता अंतिम आकडा देणारा रिपोर्ट क्लायंटच्या इंजिनिअरसमोर टिकत नाही.

आर्क फ्लॅशसाठी सॉफ्टवेअरमध्ये आयईईई १५८४ या मानकाची २०१८ ची आवृत्ती आहे ना, तेवढं विचारा.

मग लायब्ररी, म्हणजे सॉफ्टवेअरमधला उपकरणांचा साठा. तुमच्या साइटवर जे एमसीसीबी (ब्रेकर) आणि रिले बसतात त्यांची नावं कागदावर लिहून न्या आणि कर्व्ह (किती करंटला किती वेळात तुटतात ते आलेख) समोर उघडायला लावा. नसतील तर कॅटलॉगवरून पॉइंट टाकत बसायचं काम तुमच्याच ज्युनियरवर येतं, आणि त्याचे तास कुठल्याच कोटेशनमध्ये दिसत नाहीत.

कोटेशनमध्ये बसची (नेटवर्कमधल्या जोडबिंदूंची) मर्यादा, मॉड्यूलची वेगळी किंमत आणि दुसऱ्या वर्षापासूनचा एएमसी (वार्षिक देखभाल करार) लेखी घ्या. एएमसी थांबवला तर आहे ती आवृत्ती चालू राहते की बंद पडते, हेही त्यातच. क्रॉस-चेकला पांडापॉवर हे पायथनमधलं सॉफ्टवेअर फुकट आहे. पायथन येणारं कुणी ऑफिसात असेल तर आयईसी ६०९०९ चं शॉर्ट सर्किट त्यातही होतं. सही करायच्या रिपोर्टला मात्र मी विकतचंच वापरतो, कारण शंका आली की फोन उचलणारं कुणीतरी लागतं.